ओळंब्यातला पाय

संतोषचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मी केडगावच्या घरी उंबरा धूत होते. "ताई, आप्पा परांचीवरनं पडलं... शिक्रापूरच्या साइटवर." मी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?" तो म्हणाला, "तू थेट गावाला ये." तेव्हाच कळलं.

आमचे वडील, आप्पा, गवंडी. कवठे येमाईतली कितीतरी घरं त्यांच्या हातची. दोरीला लटकणारा ओळंबा हा त्यांचा देव. भिंत एक सूत जरी कलली तरी पाडून पुन्हा उभारायचे. आणि स्वतःचे पाय मात्र गुडघ्यात बाहेर वाकलेले! आई होती तोवर चिडवायची, "जगाच्या भित्ती सरळ करता, आन् सोताच्या पायांची कमान!" आप्पाही हसायचे. पुढे उजवा गुडघा आतून झिजला आणि हसणं संपलं. शिडी चढताना ओठ चावायचे.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून नीट समजावलं होतं. बाक मांडीच्या हाडातही आहे आणि नडगीतही, दोन्ही हाडं थोडी थोडी कापून सरळ करावी लागतील. आप्पांनी ऐकलं ते एवढंच, की मांडी कापली तर जास्त दिवस खाटेवर. "एकाच जागी काय ते करा," म्हणून हटून बसले. डॉक्टर नाखुशीनं तयार झाले. सगळा बाक नडगीतून काढला आणि हाडाला धातूची पट्टी बसवली.

काठी सुटली त्या दिवशी आप्पा अंगणात ताठ उभे राहिले आणि संतोषला खुब्यापासून ओळंबा सोडायला लावला. दोरी गुडघ्याच्या मधून थेट घोट्याच्या मधे! गावभर पाय दाखवत फिरले. पण दुखणं परत आलं, आधीपेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, पाय सरळ दिसतोय, पण वरच्या हाडाचा बाक तसाच राहिल्यानं गुडघ्याचा सांधा सपाट न राहता एका बाजूला कललाय. मांडीचं हाड आता करावंच लागेल. "वळंबा खोटं बोलतो व्हय?" आप्पांचं एकच पालुपद. मी भांडले, रडले, जेवण टाकलं... ते ढिम्म.

मग माझा उंबरा बसवायला ते केडगावला आले. तीच शेवटची भेट. दगडावर पाणसळ ठेवून, काचेतला बुडबुडा मधे येईपर्यंत ठोकत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, दोन्हीकडची भित्त वळंब्यात हाय ना? मग ह्यो कशाला तपासताय?"

"येडी का काय? भित्त उभी असली म्हंजी उंबरा सपाट असतो व्हय?" म्हणाले... आणि हात थांबला. तो हळूच गुडघ्यावर गेला. मग म्हणाले, "डाक्टरला फोन लाव. एवढं शिक्रापूरचं काम उरकलं की जाऊ."

मी लगेच फोन लावला. केवढा आनंद झाला होता मला! आणि ते काम उरकण्याआधीच, परांचीवरून उतरताना, त्याच गुडघ्यानं दगा दिला. लोक म्हणतात नशीब. मला ते पटत नाही. मला आप्पांचा राग येतो, भयंकर राग, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही.

उंबरा मी अजून रोज धुते. पाणी आत येत नाही की बाहेर जात नाही, दगडावर जागच्या जागी थांबतं. फडकं घेऊन बसते, पण पुसवत नाही. आल्यागेल्याला सांगते, जरा ओलांडून या.