गालिच्यावरची गाडी

ग्लेनिस टॅटरसॉलच्या वाटेला इंग्लंडातल्या रॉदरहॅममध्ये सहसा कुणी जात नसे. बाईनं उभं आयुष्य बस चालवली, त्यातलं निम्मं युनियनची पुढारी म्हणून, साहेबांच्या उरावर बसून. निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता स्वेटर विणेल. तिनं स्पोर्ट्‌स कार मागवली. तयार नव्हे, सुट्या भागांची, घरी आपल्या हातानं जोडायची. बुटकी, दोन माणसांची, ना दार ना छप्पर. आजवर दुनियेला ज्याच्या त्याच्या थांब्यावर सोडलं, आता मला हवं तिथं मी जाणार, एवढंच तिचं म्हणणं.

भंगारातल्या गाडीचं इंजिन आणून तिनं मागच्या दाराशी ठेवलंही होतं. घोडं अडलं गॅरेजपाशी. गाडी सोडून सगळं काही त्यात होतं. तसं ते कुठल्या घरी नसतं? पण इथलं सामान घरचंही नव्हतं. नवरा नॉरिस भाजीचे वाफे करणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस. मंडळाचा तंबू, टेबलं, चहाचा बंब, कांदा-प्रदर्शनाच्या पाट्या, सगळं त्याच्या गळ्यात. त्याला नाही म्हणता येत नसे, ना मंडळाला, ना बायकोला. "हलवतो, हलवतो" म्हणत त्यानं वसंत ऋतू काढला. आता शनिवारी सुटे भाग घेऊन ट्रक येणार होता, आणि जागा दिसली नाही तर ट्रकवाले माल उतरवणार नव्हते.

गुरुवारी ग्लेनिसचं टाळकं सटकलं. तिनं बैठकीतला सोफा भिंतीला सारला, गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीनं चाकांसकट अख्खी गाडी आखली आणि चालकाच्या जागी खुर्ची टाकून बसली. त्या संध्याकाळी मंडळाची सभा आपल्याच घरी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मंडळी आली. पोटं आत ओढून, भिंतीला पाठ घासत, पट्टीवर पाय न देता एकेक जण सोफ्यापर्यंत पोचला. अध्यक्ष पिकर्सगिल यांचा बूट पुढच्या चाकाला लागला, तर ते पुटपुटले, "माफ करा." चाकाला! ग्लेनिसचा संताप संताप झाला. साहेब निदान ओरडायचे तरी. या सभ्यपणाशी भांडायचं कसं? सभा आपली प्रदर्शनातल्या कांद्यांच्या वजनावर बोलत राहिली.

शेवटी पिकर्सगिलना राहवलं नाही. "ग्लेनिसबाई, गाडी इथेच जोडणार की काय?"

"इथेच. झाली की भिंत पाडून बाहेर काढीन. तुमच्या तंबूला सर्दी व्हायला नको."

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन नॉरिस आला. पट्टीपाशी थबकला. त्यानं मंडळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"चढायचं कुठून?"

"दार नाहीये. ढांग टाक."

त्यानं ट्रे पिकर्सगिलच्या हातात दिला, ढांग टाकली आणि तिच्या डाव्या बाजूला गालिच्यावर बूड टेकलं. तिथूनच, मान वर करून, तो मंडळाला म्हणाला, "तंबू उद्या न्या. माझ्याकडे जागा नाही."

नॉरिस आणि नाही?

"पण मग ठेवायचा कुठे?" पिकर्सगिलनी विचारलं. त्यांच्या घरी दोन गाड्यांचं गॅरेज आहे, हे सगळ्यांना आठवलं. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, आणि हातात ट्रे असल्यामुळे त्यांना पळताही येईना.

ग्लेनिसनं नजर समोर ठेवली, बस चालवताना ठेवायची तशी.

"सीटचा पट्टा लाव," ती हळूच नवऱ्याला म्हणाली.