गरम केकवरचा पाक

केक गरम असतानाच स्वेटरच्या सुईने त्याला भोकं पाडायची आणि लिंबाचा पाक ओतायचा. गार झाल्यावर ओतला तर पाक मुरत नाही, नुसता ओघळतो. आमच्या ह्यांनाही दवाखान्यात किती सुया टोचल्या! आजार हलला नाही, जिभेची चव तेवढी गेली. तरी वेड्या आशेने आज पिठीसाखरेचं आयसिंग घालून मी केक त्यांच्यापुढे ठेवला.

"लिंबू मस्त लागतंय गं. अगदी नेहमीसारखा झालाय," ते म्हणाले.

मग मी एक घास खाल्ला. कडूजहर! साल किसताना माझा हात आतल्या पांढऱ्या भागापर्यंत गेला होता.

"अजून एक दे ना."

सगळ्यात जास्त आयसिंग असलेला तुकडा मी त्यांना निवडून दिला.