इंजिन बंद करून ऐकलेलं नाव

सावेडीतल्या आमच्या शाळेत नववीचा तास चालू होता. शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, खर्ड्याहून फोन आहे." मामा दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही... मामी नंतर म्हणाली, जाताना त्याचा डावा हात एकदा हलला. गिअर बदलला असेल. झोपेत तो नेहमीच गिअर बदलायचा.

भिकाजी तुकाराम साळवे, माझा धाकटा मामा. हे नाव कधी छापून आलं नाही, म्हणून इथे पूर्ण लिहिते. उसाच्या हंगामात तो कोपरगावकडे कारखान्यावर ट्रॅक्टर चालवी. जत्रेत ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उलटा नेण्याची पैज लागली की मामा हातात बैलाची दोरी धरल्यासारखा अलगद नेई. पुढे नगरच्या एका गॅरेजमालकाने त्याला मोटारसायकलच्या शर्यतीत उतरवलं, मग जीप देऊन घाट चढायच्या शर्यतीत. माती असो की डांबर, दोन चाकं असोत की चार, मामाला सारखंच. फक्त कर्ण्यावर नाव मालकाचं पुकारलं जाई आणि ढालही मालकाच्या दिवाणखान्यात जाई. मी चिडले की तो म्हणे, "गाडी त्येंची, नाव त्येंचं. वळनं तेवढी माजी."

वळणं खरंच त्याची होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो घाट वरून खालपर्यंत अनवाणी उतरे. प्रत्येक वळणावर उकिडवा बसून डांबरावर तळहात टेकवी आणि डोळे मिटी. एकदा मी बरोबर गेले होते. खाली दरीत धुकं साचलेलं, बालाघाटाचे डोंगर त्यावर तरंगताहेत असं वाटत होतं.

"काय बघतोस रे मामा?"

"बगत न्हाई. ह्ये वळन लई उतावळं हाय. त्येला आदी बोलू द्यायचं, मंग आपुन."

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. असं वाक्य मला एकाही पुस्तकात भेटलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या सुमाराला त्याने भंगारातली एक जीप दोन वर्षं खपून उभी केली आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं ठरवलं. अर्ज मी भरला. आमच्या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर मी. तो मान माझाच. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा मामा म्हणाला, "डायवर लिव्ह." मी 'शर्यतीचा मोटारचालक' लिहिलं. त्याने ते ऐकलंही नसावं. "नाव परत वाच," म्हणाला. तीनदा वाचून घेतलं.

शर्यतीच्या सकाळी जीप रेषेवर घुमत होती. कर्ण्यावर पुकारा सुरू झाला आणि मामाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं! त्या शांततेत नाव उमटलं, "भिकाजी तुकाराम साळवे, मुक्काम खर्डा!" दरीतून ते परत आलं, तेही तो ऐकत बसला... सुटायचा झेंडा केव्हाच पडला होता. "ओ पाव्हणं, ढकलू का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मग जीप निघाली. वळणामागून वळणावर तिचा आवाज चढत गेला, शेवटी आभाळातून आल्यासारखा वाटला.

दुसरा आला. तीन सेकंदांनी.

"पहिला आला असतास! इंजिन कशाला बंद केलंस?" मी रडकुंडीला आले होते.

"आयकू येईना न्हवं." मग हसून म्हणाला, "पयला कोन आला गं? काय नाव त्येचं?"

मला आठवेना.

"माजं हाय का ध्येनात?"

तेव्हापासून त्याला सवयच लागली. रस्त्यात कुणी हाक मारली की आधी इंजिन बंद करायचा, मग म्हणायचा, "व्हय!" पाठीमागच्या एस्टीने कितीही हॉर्न दिले तरी.

परवा खर्ड्याला गेले. पत्र्याच्या शेडमधून जीपचा आवाज येत होता. आत मामी बसलेली, दोन्ही हात चाकावर. तिला गाडी येत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी नुसती चालू ठेवते. मी फाटकातून हाक मारली, "मामी!"

तिने आधी किल्ली फिरवली. सगळं शांत झालं.

मग म्हणाली, "व्हय!"