आप्पांची डावी बाजू

मीटिंग सुरू झालीये आणि हेडफोनची डावी बाजू पुन्हा बंद. पिन फुंकली, वायर पिळली, फोन बंद करून चालू केला, ढिम्म.

कॉलेजात असताना मुळशीच्या घरी असाच वैतागलो होतो. नवे इयरफोन हौसेनं वडिलांच्या कानांत घातले, तर आप्पा म्हणाले, "डावीकडं वाजत न्हाई." तासभर वायर पिळली, दुकानदाराला शिव्या घातल्या. शेवटी स्वतःच्या कानांत घालून पाहिले. दोन्हीकडे खणखणीत.

आप्पा पिरंगुटच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होते. दिवसभर कानाशी धडधड. ते हळूच म्हणाले, "कुटं बोलू नको. सायबाला कळलं तर घरी बसवतील."

इतकी वर्षं जेवताना मी त्यांच्या डावीकडेच बसायचो, आणि हाकेला ओ दिली नाही की त्यांच्यावर चिडायचो.