बाजूचं बटन

"थांबा भाऊ, आधी ते काय म्हणते ते पाहू."

असं म्हणून बाई एक बोट वर करायच्या आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी वाचत बसायच्या. डॉक्टर रोग्याचं ऐकतो तसं.

त्या वर्षी तुमच्यापैकी कोणी भामरागडकडच्या आमच्या दवाखान्यात आलं असेल, तर त्यांना पाहिलं असेल. बारीक अंग, प्लास्टिकच्या चपला, खांद्यावर तारेचं भेंडोळं. ब्रह्मपुरीकडच्या. मोबाइलचा टॉवर तेव्हा आला नव्हता. नदी भरली की पलीकडची गावं आठ-आठ दिवस तुटायची, तिथं फक्त एक सिस्टर. बाईंनी दोन्ही काठांवर खांब उभारून बिनतारी जोडणीच्या पेट्या लावल्या. इकडच्या लॅपटॉपवरून डॉक्टर बोलतील आणि तिकडच्यावर सिस्टर ऐकेल, असं त्यांचं काम.

मी तिथला चौकीदार. शिक्षण तिसरी. पण दवाखान्याच्या चाव्या बावीस वर्षं माझ्या कमरेला होत्या, आणि कोणती वस्तू कुठं आहे हे डॉक्टरही मलाच विचारायचे. रोज सकाळी सगळं मीच पुसायचो. लॅपटॉपसुद्धा, कडेकडेनं, जोर लावून. बाई बघायच्या.

माझी लेक पलीकडच्या काठावर दिलेली. पहिलं बाळंतपण माझ्याकडं झालं, दुसरं सासरी, अशी आमच्यात रीत. तिला आठवा सरत आला होता आणि पाऊस लागला होता.

तिकडचा लॅपटॉप पहिल्या दिवशीच लागला. इकडचा लागेना. त्याच्या वायरलेस कार्डाला एक फाइल लागते. ती कार्डाच्या कंपनीनं उघड केली नव्हती, आणि बाईंचं सॉफ्टवेअर सगळं खुलं, म्हणून त्यात ती नव्हती.

"फुकटचं असंच रायते," मी म्हणालो. "कंपनीवालं टाका ना."

"फुकटचं नाई भाऊ, उघडं आहे. अडलं तर काऊन अडलं ते सांगते. ते दुसरं नुसतं तोंड फुगवून बसते."

"माझ्या बायकोसारखं."

"मंग तुमाले सवय असन."

फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट चंद्रपूरला. बाईंनी तिथल्या मैत्रिणीला चिठ्ठी पाठवली. सीडी आली ती एसटीच्या कंडक्टरच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आमच्याकडं औषध, चष्मा, लग्नपत्रिका, सारं असंच यायचं.

"बाई, सिनेमा आहे का यात?" कंडक्टरनं विचारलं.

"आहे. हिरो अजून यायचा आहे."

फाइल टाकली. लॅपटॉपनं कार्ड ओळखलं, पण पलीकडचा आवाज येईना. बाईंना वाटलं सीडीच खराब. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा सीडी, पुन्हा तेच. यात चार दिवस गेले. चौथ्या दिवशी पाणी पुलाला टेकलं आणि कंडक्टर म्हणाला, "उद्यापासून गाडी येत नाई."

माझं डोकं फिरलं. "पोरगी तिकडं आहे माझी. तुमचा खेळच होऊन राह्यला बाई."

बाईंनी लॅपटॉप पुढं ओढला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मग बोट वर झालं. लॅपटॉप त्यांनी आडवा फिरवला आणि कडेचं वायरलेसचं एक बारकं बटन नखानं सरकवलं. निळा दिवा लागला. थोड्या वेळानं सिस्टरचा आवाज आला, "हॅलो, येऊन राह्यला का आवाज?"

"ते पहिल्या दिवसापासून सांगत होतं, बटन बंद आहे म्हणून," बाई म्हणाल्या. "मीच ती ओळ वाचली नाई."

मी बटन पाहिलं. पुसताना माझं फडकं जिथं वळतं, बरोबर तिथं. फडकं तेव्हा माझ्या खांद्यावरच होतं. मी ते काढून खिशात कोंबलं.

"मशीनच ढिलं आहे," मी म्हणालो.

"असन भाऊ," बाई म्हणाल्या.

त्यानंतर नवव्या दिवशी, पूल पाण्याखाली असताना लेकीला कळा सुरू झाल्या. मूल पायाळू. डॉक्टर इकडून सांगत होते, सिस्टर तिकडं करत होती. तीन तास. बाई शेजारी बसून ओळींवर डोळे लावून होत्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मग पोर रडलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दिवाळीनंतर बाई दुसऱ्या कामावर गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. जाताना त्यांची वही लॅपटॉपशेजारी खिळ्याला टांगून गेल्या. काय केलं, मशीन काय म्हणालं, कशानं बिघडलं, हे सारं त्या वहीत लिहायच्या. "झालं ते लिहायचं भाऊ, म्हणजे मागून येणारा चुकत नाई."

मी अक्षरं जोडून जोडून ती वाचली. त्या दिवसाचं पान सापडलं. 'बाजूचं बटन बंद होतं. सरकवलं. लागलं.' त्याखाली लिहिलं होतं, 'बंद कसं झालं', आणि पुढं दोन ओळी कोऱ्या. अख्ख्या वहीत दुसरी कोरी जागा नाही.

ती जागा मी चार वर्षं तशीच ठेवली. चाव्या सोपवायच्या दिवशी खिळ्यावरून वही काढली, डॉक्टरांचा पेन मागितला आणि लिहिलं, 'मी पुसताना झालं.' खाली सही केली.

मग वही पुन्हा खिळ्याला टांगली.