भावोजींचा काउबॉय

भावोजी एका मंगळवारी गेले. त्यांचा तो लाडका सिनेमा कळणारा माणूस पुण्यात उरला नाही, असं मी म्हणतो. ते असते तर म्हणाले असते, "माझ्याखेरीज होता कोण?"

सिनेमा काउबॉयचा, इटलीवाल्यांनी काढलेला. माझ्या ताईचे हे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस. कॅम्पातल्या थिएटरात तो लागला की रजा टाकून सकाळचा खेळ गाठत आणि अंधारात मोठ्याने गोळ्या मोजत. सहाबारी पिस्तुलातून सातवी सुटली की उठून उभे राहत. "रिजेक्ट!" मी पुस्तकातला माणूस, रुमालात तोंड लपवून बसे. एकदा विचारलं, "मग पाहता कशाला?" म्हणाले, "गोळ्या खोट्या आहेत हो, माणूस खरा आहे." त्यांच्या मते तो काउबॉय मूळचा नारायण पेठेतलाच. कमी बोलतो, डोळे बारीक करून पाहतो, गावात कोणाशी पटत नाही, आणि उपकार केल्यावर चहालाही थांबत नाही. "घोडा तेवढा जास्तीचा. लावणार कुठे?"

मग थिएटर पाडून तिथे काचेची इमारत आली. भाचा निखिल हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला. त्याने घरी भिंतीएवढा टीव्ही आणला, त्या सिनेमाची डीव्हीडीही आणली. भावोजींनी मनात एकच धरलं होतं: मुलाने एकदा शेजारी बसून तो पूर्ण पाहावा. चार रविवार निखिल म्हणाला, "बाबा, रिलीज आहे." भावोजी ताईला म्हणाले, "पूर्वी सिनेमे रिलीज होत. हल्ली मुलंच रिलीज होत नाहीत."

पाचव्या रविवारी तो बसला. सिनेमाच्या शेवटी दोघे पिस्तूलवाले समोरासमोर उभे राहतात आणि पाच मिनिटं नुसते पाहतात. निखिलने रिमोट उचलून तेवढं पुढे पळवलं. "अहो बाबा, नुसतेच उभे आहेत!"

"कोण मेलं ते कळलं ना? मग झालं," भावोजी म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. पुन्हा त्यांनी त्याला बोलावलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी निखिलने डीव्हीडी लावली, रिमोट ताईच्या हातात दिला. समोरासमोरची ती पाच मिनिटं आली आणि गेली.

तेव्हापासून अधूनमधून तो लावतो, पूर्ण पाहतो. निखिलला तो सिनेमा आवडतो. हे तो आता मला सांगतो, भावोजींना सांगायचं राहिलं.