विश्राम धुरींच्या बोटीवरचा मीटर

मालवणच्या बाजारात विश्राम धुरी रेडिओ दुरुस्त करीत, पण त्यांचा खरा मान होता तो वायरलेसच्या मीटरमुळे. एरियलमध्ये किती प्रवाह जातो ते दाखवणारे हे जुने गोल मीटर. आत केसाहून बारीक तार. प्रवाहाने ती तापायची, आणि त्या उबेवर काटा चढायचा. बोटीवर वायरलेस ऑफिसर म्हणून वीस वर्षे काढलेल्या विश्रामांना या तारेचा स्वभाव ठाऊक. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत, "हेका मल्टिमीटर लावू नको रे! तेच्या एका सेलान तार जळता."

आणि १९८६च्या नवरात्रात त्यांनीच तो लावला!

मीटर होता सावंतवाडीच्या सत्यवान मास्तरांचा. मास्तरांना वायरलेसचा नाद, परवानाही होता. मीटरचा काटा अर्ध्यावर अडकायचा. विश्रामांनी चुंबकाच्या फटीतला लोखंडाचा कण सुईने काढला. काटा मोकळा झाला. मग समोर उघडा रेडिओ, हातात मल्टिमीटर, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हाताला चाळीस वर्षांची सवय. मल्टिमीटरची टोके रेडिओऐवजी मास्तरांच्या मीटरला टेकली. मल्टिमीटर ढिम्म. तार तुटलेली.

"अवो, काय झाला? तोंड असा कित्याक?" पत्नी आनंदीबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"खून केलंय गो मी."

"तुमी? तुमच्यान झुरळ मरणा नाय."

मीटर आला तेव्हाच मेलेला होता, असे म्हटले असते तर कोण तपासणार होते? चहा निवला. विश्रामांनी फळीवरचा मीटर खाली घेतला. त्यांच्या बोटीवरचा, बोट भंगारात गेली तेव्हा एवढाच मागून आणलेला. तीच कंपनी, तोच पल्ला. त्याची तार श्वास रोखून काढली आणि मास्तरांच्या मीटरात बसवली. टॉर्चचा सेल, मध्ये रेझिस्टन्स, शेजारी भरवशाचा दुसरा मीटर. एकदा सुलट, एकदा उलट जोडून पाहिले. काटा डौलात चढला, जसा रंगमंचावर राजा यावा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मास्तर आले. विश्राम उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "मास्तरांनू, तुमची तार माझ्या हातान जळली. मल्टिमीटर लावलंय. आता आतली तार माझी आसा."

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली.

"धुरीकाका... हंय येवच्या आदल्या दिवशी घरी मीच तेका मल्टिमीटर लावलेलंय. काटो हललोच नाय. तुमी ओरडशात म्हणान बोललंय नाय."

मग विश्राम असे हसले की शेजारचा शिंपी डोकावला.

"म्हणजे मयताचो खून केलंय मी!"

मास्तर तार परत काढा म्हणाले. विश्रामांनी मीटर त्यांच्या पिशवीत घातला. "त्या तारेन बोटीवर बरीच हाक मारली. आता तुमच्याकडसून मारूंदे."

खंडेनवमीची पूजा मांडताना आनंदीबाईंनी पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि फळीवरचा तो पोकळ मीटर पाटावर ठेवला.

"गो, तो मेलो मगे आता."

"माका म्हायत आसा," म्हणत त्यांनी ताटातले सर्वांत मोठे झेंडूचे फूल उचलले आणि त्याच्यावर वाहिले.